आवड आणि वेळापत्रक

गेल्या गणेशोत्सवात, येथील महाराष्ट्र मंडळात आरती आटोपून प्रसादाची वाट पाहत मंडळी बसली असता, एक लहानसा वाद उपस्थित झाला. वादाचा विषय या मासिकाच्या पानांवर सहसा येणारा नव्हे, म्हणून तो सांगताना किंचित संकोच वाटतो. आमचा भाचा आता पस्तिशीला आला आहे. एका कारखान्यात जबाबदारीच्या जागेवर आहे. कपाळावरचे केस मागे हटू लागले आहेत. हा गृहस्थ मोठ्या तळमळीने सांगत होता की, 'ड्रॅगन बॉल झेड' नावाची जी जपानी कार्टून मालिका त्याने लहानपणी पाहिली, तिच्या तोडीचे काही त्यानंतर झालेच नाही. त्याच्याहून आठदहा वर्षांनी लहान अशा एका मुलीने 'शिनचॅन'चा पक्ष उचलून धरला. दोन्हींकडचा आवेश असा की, टिळक-आगरकरांचा वाद पुन्हा उभा राहिला आहे की काय, असे नवख्यास वाटावे.

आम्ही भाच्यास सहज विचारले, "त्या मालिकेत घडते तरी काय?" तो अडखळला. कोणी तरी कोणाशी तरी फार दिवस लढत असतो, एवढेच त्यास सांगता आले. मग आम्ही विचारले, "ती लागत असे केव्हा?" यावर मात्र तो क्षणभरही थांबला नाही. "शाळेतून आल्यावर, क्लासला निघायच्या आधी. आई दुधाचा पेला आणून ठेवायची, त्यावर साय धरलेली असायची, ती मी बोटानं बाजूला काढायचो..." कथा विसरली होती, वेळ मात्र सायीसकट लक्षात होती. हे आम्ही त्याच्या ध्यानात आणून दिले, तेव्हा तो थोडा दुखावला. "मामा, ती मला आवडत होती. कोणी बळजबरी नव्हती केली. मीच निवडली होती," असे म्हणून तो प्रसाद आणावयास उठला.

भाचा उठून गेला, पण त्याचे वाक्य आमच्याबरोबर घरी आले. माणसाची आवड त्याची स्वतःची असते, ही समजूत आपण फारशी तपासून पाहत नाही. मते उसनी असू शकतात, श्रद्धा वारशाने येतात, हे आपण मान्य करतो; पण "मला हे आवडते" असे कोणी म्हटले की विचारणारा गप्प बसतो. आवडीचे उगमस्थान विचारणे अशिष्टपणाचेच मानले जाते. परंतु ज्या वस्तू लहानपणी आवडल्या, त्या आपल्यासमोर कोणी आणि केव्हा ठेवल्या, हे शोधू लागल्यास या समजुतीस हादरे बसतात. जपानी कार्टूनपटांचा, म्हणजे ज्यांना आता जगभर 'ॲनिमे' म्हणतात त्यांचा, परदेशांतील प्रवास या दृष्टीने फार बोलका आहे. कृती एकच, तिच्यातील चित्रे तीच. फक्त देश बदलतो आणि घड्याळातील वेळ बदलते. इतकी स्वच्छ तुलना साहित्याच्या इतिहासात क्वचितच सापडते.

फ्रान्सचेच उदाहरण घ्यावे. १९७५ साली जपानात 'ग्रेंडायझर' नावाच्या एका राक्षसी यंत्रमानवाची मालिका सुरू झाली. ३ जुलै १९७८ रोजी तीच मालिका 'गोल्डोराक' या नावाने फ्रान्सच्या दुसऱ्या वाहिनीवर, त्याच दिवशी सुरू झालेल्या मुलांच्या एका नव्या कार्यक्रमात अवतरली. त्या काळी त्या देशात वाहिन्या तीनच होत्या. दिवस उन्हाळ्याच्या सुटीचे होते. मुलांपुढे दुसरे काही नव्हते आणि वेळ भरपूर होता. पुढच्या वर्षी तेथील एका प्रतिष्ठित सचित्र साप्ताहिकाने 'गोल्डोराकचे वेड' मुखपृष्ठावर घेतले. मोठमोठ्या लोकांनी चिंता व्यक्त केली. आणि आज पन्नाशी ओलांडलेले फ्रेंच गृहस्थ त्या यंत्रमानवाच्या आठवणीने गहिवरतात.

आता तोच यंत्रमानव अमेरिकेत पाहू. १९८० साली तेथील एका व्यावसायिकाने पाच जपानी मालिका एकत्र बांधल्या आणि सोमवार ते शुक्रवार, प्रत्येक वाराला एक, अशा रीतीने त्या मोजक्या स्थानिक केंद्रांवर दाखविल्या. ग्रेंडायझर त्यांपैकी एक. मूळच्या ७४ भागांतून २६ निवडले गेले. अमेरिकन मुलाला आठवड्यातून एकच दिवस तो भेटे, आणि मधल्या चार दिवशी दुसऱ्या चार मालिकांतले नायक येऊन त्याची आठवण पुसून जात. तिकडे त्याचा फारसा मागमूस उरला नाही. फ्रेंच मूल आणि अमेरिकन मूल यांच्या रसिकतेत मूलतः एवढे अंतर असेल, असे आम्हांस वाटत नाही. अमेरिकेत स्वदेशी कार्टूनांची रेलचेल होती, फ्रान्समध्ये तशी नव्हती, हेही कारण आहेच. परंतु रेलचेलीत कोणास कोणता पाट मिळावा, हे शेवटी पंक्तीत वाढणाराच ठरवितो.

याहूनही चोख उदाहरण 'सेलर मून'चे आहे. शाळकरी मुली नायिका असलेली ही मालिका जपानात १९९२ साली आली. १९९५ साली तिचे ६५ भाग इंग्रजीत झाले आणि अमेरिका व कॅनडा या शेजारी देशांत ते जवळजवळ एकाच सुमारास दाखविले गेले. भाषा तीच, आवाज तेच, कापाकापीही तीच. अमेरिकेत ती स्थानिक केंद्रांना विकली गेली, आणि पुष्कळ केंद्रांनी तिला भल्या पहाटेची, मुले अंथरुणात असतानाची वेळ दिली. कॅनडात ती मुलांच्या वाहिनीवर, शाळा सुटल्यानंतरच्या वेळी लागली. अमेरिकेत ती गुंडाळली गेली. कॅनडात ती इतकी रुजली की, आणखी १७ भाग तयार करवून घ्यावे लागले. अमेरिकेतील तिच्या थोड्या चाहत्यांनी पत्रे लिहिली, सह्या गोळा केल्या. पुढे १९९८ साली तीच मालिका 'कार्टून नेटवर्क'च्या 'टूनामी' नावाच्या सायंकाळच्या कार्यक्रमात आली, आणि ज्या देशाने तिला नाकारले असे सर्व जाणते म्हणत होते, त्याच देशातील मुलींनी तिला डोक्यावर घेतले. आमच्या भाच्याच्या लाडक्या मालिकेचीही हीच कथा आहे. १९९६ साली ती अमेरिकेत शनिवार-रविवारच्या आडवेळी लागे. दोन वर्षांत बंद पडली. आणि ऑगस्ट १९९८ च्या अखेरीस त्याच 'टूनामी'त, रोज दुपार कलल्यावर दिसू लागताच तिचा डंका सगळीकडे वाजू लागला. त्या डंक्याचा आवाज ऐकूनच ती पुढे आपल्याकडे आली, हे भाच्यास ठाऊक नव्हते.

हे वाचून कोणी म्हणेल की, यात नवल ते काय? दुकान आडगल्लीत असले तर गिऱ्हाईक कमी, हाच व्यवहार. व्यवहार म्हणून खरेच नवल नाही. आम्हांस जे खटकते ते पुढचे आहे. 'सेलर मून' पहाटे दाखवून जेव्हा ती पाहिली गेली नाही, तेव्हा 'आमची वेळ चुकली' असा निष्कर्ष कोणी काढला नाही. 'अमेरिकन मुलींना असले काही आवडत नाही' असाच काढला. एखाद्यास दाराबाहेर उभे करावयाचे आणि मग 'तो आत आला नाही, अर्थी त्यास आमच्या घरी यावयाचे नव्हते' असे म्हणावयाचे, असा हा न्याय. लोकांना हवे तेच आम्ही देतो, हे वाक्य वाहिन्यांच्या चालकांकडून, प्रकाशकांकडून, नाटकवाल्यांकडून आपण शेकडो वेळा ऐकतो. जे दिले जाते त्याचीच सवय होते, सवयीचीच मागणी होते, आणि त्या मागणीकडे बोट दाखवून पुन्हा तेच दिले जाते. या वर्तुळात पहिले पाऊल कोणाचे, हे सांगण्यास कोणीच तयार नसते.

सवय आणि आवड यांचे नाते मानसशास्त्रज्ञांनी तपासलेले आहे. रॉबर्ट झायोंत्स या संशोधकाने १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना निरर्थक शब्द, चिनी धर्तीची अक्षरे, अपरिचितांची छायाचित्रे अशा गोष्टी कमीअधिक वेळा दाखविल्या. जी गोष्ट अधिक वेळा दिसली, ती लोकांना अधिक बरी वाटली. तिच्यात अर्थ असण्याचीही आवश्यकता पडली नाही. आपल्या पूर्वजांनी यास प्रयोगावाचूनच 'संस्कार' हा शब्द दिला होता. तो शब्द आपण आता केवळ चांगल्या गोष्टींसाठी राखून ठेवला आहे, ही आपली सोय. वस्तुतः वारंवार उमटून जो ठसा राहतो तो संस्कार, मग तो कशाचाही असो.

वेळापत्रकाची सत्ता केवळ पाहणाऱ्यावर चालते असेही नाही. ती कथेच्या पोटातही शिरते. अमेरिकेतील स्थानिक केंद्रांना रोज एक भाग, आठवड्यास पाच, असे १३ आठवडे पुरेल एवढे साहित्य लागे. म्हणजे ६५ भाग. जपानी मालिका तेवढ्या लांबीच्या असतच असे नाही. तेव्हा १९८५ साली काय झाले? ३६, २३ आणि २५ भागांच्या तीन वेगवेगळ्या मालिका, ज्यांतील माणसांचा एकमेकांशी काडीइतकाही संबंध नव्हता, त्या एकत्र शिवून 'रोबोटेक' नावाची एकच ८५ भागांची मालिका तयार करण्यात आली. जोड दिसू नये म्हणून त्या तीन कथा एकाच वंशाच्या तीन पिढ्यांच्या आहेत, असे नवे संवाद घालून ठरविण्यात आले. कुळाचा वृक्ष रचणाऱ्या भाटांची गोष्ट आपल्याकडे नवी नाही. पण हिशेबाच्या वहीने वंशावळ जन्माला घातल्याचे हे उदाहरण आमच्या पाहण्यात एकमेव. आणि गंमत अशी की, ती मालिका मुलांना मनापासून आवडली. तिच्या प्रेमात पडून पुढे कित्येकांनी मूळ मालिका शोधून काढल्या. खोट्या वंशावळीतून खरी जिज्ञासा उपजली, यास काय म्हणावे ते आम्हांस अजून ठरविता आलेले नाही.

परदेशांची गोष्ट बाजूस ठेवू. खुद्द जपानातील एक प्रसंग आम्हांस अधिक अस्वस्थ करतो. ६ ऑक्टोबर १९७४ रोजी, रविवारी सायंकाळी साडेसात वाजता, 'अंतराळ युद्धनौका यामातो' ही मालिका सुरू झाली. त्याच दिवशी, त्याच वेळी, दुसऱ्या वाहिनीवर 'हायडी' चालू होती: आल्प्स पर्वतातील अनाथ मुलीची ती गोष्ट, दिग्दर्शन ताकाहाता इसाओ यांचे, आणि प्रत्येक दृश्याची मांडणी पुढे जगप्रसिद्ध झालेल्या मियाझाकी हायाओ यांची. घरात संच एकच. घरे हायडीकडे वळली. यामातोला ठरल्याहून लवकर, २६ भागांतच, आटोपते घ्यावे लागले. पुढे पुनःप्रक्षेपणात, जेव्हा समोर हायडी नव्हती, तेव्हा तिला तिची माणसे भेटली. आणि ऑगस्ट १९७७ मध्ये तिचा चित्रपट निघाला तेव्हा तरुणांनी चित्रपटगृहांपुढे रांगा लावल्या. जपानी कार्टूनपट हा प्रौढांनीही गंभीरपणे घेण्याचा विषय आहे, ही जाणीव तेथून पसरली असे मानले जाते.

यामातोला दुसरी संधी मिळाली म्हणून आपण तिची गोष्ट सांगतो. ज्यांना ती मिळाली नाही, त्यांची नावे सांगण्यास कोण उरले आहे? 'चांगले ते टिकते' ही म्हण फार आश्वासक आहे, पण तिची साक्ष टिकलेल्यांकडूनच काढलेली असते. पहाटे साडेपाचाला लागून विझलेल्या कृतींस कोणी साक्षीला बोलावीत नाही. गुणाला न्याय मिळतोच, असे मानणाऱ्याने एकदा जुनी वेळापत्रके चाळावीत. आमच्या मनात तर असेही येते की, मराठीतीलच किती बरी पुस्तके चुकीच्या वर्षी, चुकीच्या शहरात निघाल्यामुळे नाहीशी झाली असतील. महाराष्ट्राबाहेर राहून लिहिणाऱ्यांस हे वेगळे सांगावयास नकोच.

तथापि येथे एक गोष्ट प्रांजळपणे नमूद केली पाहिजे. सोयीची वेळ मिळालेली प्रत्येक मालिका काही रुजली नाही. त्याच सायंकाळच्या तासाला दुसऱ्या कितीतरी आल्या आणि मुलांनी त्यांच्याकडे पाठ फिरविली. तेव्हा गुण काहीच नाही, वेळच सर्वस्व, असे म्हणणे हा दुसऱ्या टोकाचा आळस होय. वेळ दार उघडते. आत आलेल्याशी बोलावेसे वाटले नाही, तर मूल उठून खेळावयास जाते; ते मोठ्यांइतके भिडस्त नसते. भाच्याचा राग यापुरता रास्त होता. त्याने निवड केली होती. फक्त ज्या चारपाच वस्तूंतून ती केली, त्या ताटात कोणी वाढल्या हे त्यास दिसले नव्हते.

मग ही आवड खोटी मानावी काय? पूर्वी आम्ही बहुधा 'होय' म्हटले असते. आज तसे म्हणवत नाही. योगायोगाने भेटलेल्या वस्तूवरचे प्रेम उणे ठरवावयाचे, तर आपल्याजवळ शिल्लक काय राहील? मातृभाषा आपण निवडलेली नाही. शेजारी, शाळासोबती, आणि आपल्या पिढीत तर पुष्कळांच्या बाबतीत सहधर्मचारिणीसुद्धा, कोणी तरी दुसऱ्याने ठरविलेल्या वेळी आणि जागी भेटली. त्या प्रेमांना आपण नकली म्हणत नाही. प्रेमाची कसोटी त्याच्या आरंभात नसून ते पुढे कसे निभावले, यात असते, असे म्हणावे तर भाच्याच्या पस्तिशीतील तळमळीला मान द्यावा लागतो. फिलिपीन्समध्ये याचे एक विलक्षण उदाहरण घडले. तेथे १९७८ साली 'व्होल्टेस फाइव्ह' ही जपानी मालिका शुक्रवारी सायंकाळी लागू लागली आणि लहानांची लाडकी झाली. ऑगस्ट १९७९ मध्ये, अवघे काही भाग उरले असताना, राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी ती हिंसक ठरवून बंद केली. शेवट अर्धवट राहिला. जुलमी सत्तेविरुद्धच्या उठावाची ती कथा होती. मुले मोठी झाली, १९८६ साली मार्कोस गेले, आणि त्या पिढीने ती मालिका विसरण्याचे नाकारले. २०२३ साली तेथील वाहिनीने खऱ्या नटनट्या घेऊन ती नव्याने उभी केली. वेळ देऊन जसे प्रेम निर्माण होते, तसे ती हिरावून घेऊन ते घट्टही होते, हे बंदी घालणाऱ्यांच्या कधी लक्षात येत नाही.

तर आवडणाऱ्याचा दोष नाही. प्रश्न उरतो तो वेळ देणाऱ्याचा. प्रौढ मनुष्याचा दिवस थोडाबहुत त्याच्या हाती असतो. एखादी गोष्ट फारच हवी असेल तर तो जागरण करील, रजा काढील. मुलाचा दिवस संपूर्णपणे दुसऱ्यांनी बांधलेला असतो. शाळेची घंटा, आईची हाक, क्लासची वेळ. त्यांच्या मध्ये जो एक मोकळा तास सापडतो, तोच त्याचा खरा स्वतःचा; आणि वेळापत्रक आखणाऱ्याची नजर नेमकी त्याच तासावर असते. त्यास आपण मुलांना शिकवितो आहोत असे स्वप्नातही वाटत नसते. तो जाहिरातींचा हिशेब करीत असतो. परिणाम मात्र शिक्षकाच्या हातून होतात तसेच होतात.

येथे आपणही कान पकडावयास हवेत, कारण वेळेचे हे तंत्र वाहिन्यांनी शोधून काढलेले नाही. तिन्हीसांजेला दिवा लागला की हातपाय धुऊन शुभंकरोति म्हणावयाचे, मग परवचा, मग पाढे, हे मराठी घरांतील वेळापत्रकच होते. आम्हांस शुभंकरोति आवडे काय, असे कोणी विचारले नाही. रोज त्याच वेळी, त्याच उजेडात म्हटल्यामुळे ते आवडू लागले. आजही दिवेलागणीच्या वेळी परगावी एकटे असलो तर ओठ आपोआप हलतात. ती आवडसुद्धा वेळेनेच घडविलेली. पुढे दूरचित्रवाणी आली, तिने हाच तास घेतला. आणि ज्यांच्या हातून तो गेला, त्यांनी तक्रार केली ती संस्कृतीच्या नावाने. तक्रार करणाऱ्यांत आम्हीही होतो. परंतु दोन्हीकडे यंत्रणा एकच असेल, तर फरक कशात, हे आम्ही त्या वेळी स्वतःला विचारले नाही.

आम्हांस आता जो फरक दिसतो तो एवढाच की, दिवा लावणारी आजी शेजारी बसलेली असे. वेळ तिने ठरविली होती आणि त्या वेळेला ती स्वतः हजर होती. मूल चुकले तर तिला कळे, पेंगले तर कळे, एखाद्या शब्दाला हसले तर त्याचा अर्थ सांगण्याचे ओझे तिच्यावर पडे. वाहिनीचा अधिकारी शेजारी बसत नाही. त्याने दिलेल्या तासात मुलाचे काय झाले, हे त्यास आकड्यांवरून समजते, आणि आकडे पेंगत नाहीत.

हा फरक ध्यानात घेतला म्हणजे १९९३ सालच्या रविवारच्या सकाळी आठवतात. दूरदर्शनवर 'जंगल बुक' ही मालिका हिंदीत लागू लागली होती. मुंबईत जन्मलेल्या किप्लिंगची, मध्य भारतातील अरण्यात घडणारी कथा. चित्रे काढली जपानच्या निप्पॉन ॲनिमेशनने, १९८९ च्या सुमारास. आणि ती परतली आमच्या घरी, महाराष्ट्रापासून दूरच्या या शहरात. ती जपानी आहे हे मुलांना ठाऊक नव्हते, आम्हांलाही नव्हते. शेरखानाला नाना पाटेकरांचा आवाज होता. आमच्या मातोश्रींना हिंदी बेताचेच कळे, पण वाघाने तोंड उघडले की त्या अभिमानाने म्हणत, "हा आपला नाना!" आणि क्षणभर त्या जंगलात मराठी माणसाचेच राज्य असल्यासारखे वाटे. रविवारच्या सकाळचे महत्त्व दूरदर्शनला चांगले समजले होते. २५ जानेवारी १९८७ पासून 'रामायणा'ने ते सिद्धच केले होते. त्या वेळी घरातील सर्व माणसे घरी असत. मोगलीला मिळालेला तो तास म्हणजे संपूर्ण कुटुंबाचा तास होता, आणि आम्हांस वाटते, ती मालिका ज्यांना आठवते त्यांना ती एकट्याने पाहिलेली म्हणून आठवत नाही.

पुढे खास मुलांच्या वाहिन्या आल्या; 'कार्टून नेटवर्क' १९९५ साली, मग इतर. त्यांच्याजवळ तास एक नव्हता, दिवसच होता. 'डोरेमॉन' २००५ साली आला, 'शिनचॅन' २००६ साली, आणि तेच भाग सकाळी, दुपारी, रात्री फिरू लागले. शिनचॅनचे चित्रकथारूप जपानात प्रौढांच्या साप्ताहिकात जन्मले होते. आपल्याकडे ते शाळकरी मुलांच्या वेळेत बसविले गेले, पालक चिडले, २००८ साली सरकारने बंदी घातली, आणि काटछाट होऊन ती मालिका परत आली. दोष मालिकेचा होता की तिला दिलेल्या वेळेचा, याची चर्चा फारशी झाली नाही. बांगलादेशात तर हिंदीतील डोरेमॉन सतत पाहून मुले हिंदी बोलू लागली, म्हणून २०१३ साली तेथील सरकारने तो बंद केला. ज्या देशाने भाषेसाठी रक्त सांडले, त्यास निळ्या मांजराची धास्ती वाटावी, याचे काहींना हसू आले. आम्हांस आले नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी घरांत, सायंकाळी सातच्या सुमारास, आजोबा मराठीत प्रश्न विचारीत आहेत आणि नातू डोरेमॉनच्या हिंदीत उत्तर देत आहे, हे दृश्य आम्ही इतक्या ठिकाणी पाहिले आहे की, त्यावर हसणे जमत नाही. नातवाला हिंदी आले हे बरेच झाले. मात्र आजोबांनी तो तास कोणास दिला होता, हेही विचारावेसे वाटते.

आता म्हणे वेळापत्रकच उरले नाही. हातातील फोनवर हवे ते, हवे तेव्हा पाहता येते. वरवर पाहता निवडीचे राज्य आले. परंतु एक भाग संपण्यापूर्वीच पुढचा कोणता हे यंत्र सुचविते, आणि आपण 'नको' म्हणेपर्यंत तो सुरूही झालेला असतो. पूर्वीच्या अधिकाऱ्यास निदान सर्व मुलांसाठी एकच वेळ ठरवावी लागे, त्यामुळे गल्लीतील सर्व मुले एकच गोष्ट पाहून एकाच वेळी खेळावयास बाहेर पडत. आज प्रत्येकाचा अधिकारी निराळा आहे आणि तो झोपत नाही.

मंडळातील त्या वादानंतर आठवड्याभराने भाच्याचा निरोप आला. आपला पक्ष सिद्ध करावा या ईर्ष्येने त्याने ती मालिका रात्री जेवणानंतर फोनवर पुन्हा लावली होती. तिसऱ्या भागाच्या पुढे जाता आले नाही. "मालिका तीच आहे, मामा," त्याने लिहिले होते, "पण काही तरी राहून जातंय." काय राहून जात होते, ते आम्ही कळविले नाही.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही त्याच्याकडे गेलो, तेव्हा दिवाणावर तो आणि त्याची सहा वर्षांची मुलगी मांडीला मांडी लावून बसली होती. समोर मोगली झाडावरून झाडावर झेप घेत होता. तिच्यापुढे दुधाचा पेला होता. भाग संपला तशी ती म्हणाली, "बाबा, पुढचा लाव."

"पुढचा पुढच्या रविवारी."

"पण तो तर फोनमध्ये आत्ता पण आहे!"

भाच्याने आमच्याकडे पाहिले. आम्ही चहाचा कप उचलला आणि खिडकीबाहेर पाहू लागलो.